काजळाचं बोट

१

द्रौपदीबाईंच्या थोरल्या नातीचं, यशोधराचं, लग्न झालं ते दोन हजार चोवीस साल. डिसेंबरात बार उडाला. उरलेले बुंदीचे लाडू डब्यात दगड होईपर्यंत नवं साल लागलं, आणि जानेवारीच्या दहा तारखेला, शुक्रवारी सकाळी, बदलापूरजवळच्या सोनिवलीत आकाश शेजवळची फाईल नाहीशी झाली.

कोणाची फाईल गेली म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही. पण आकाश शेजवळ हा माणूस त्या फाईलवरच जगत होता. दोन हजार तीन साली चौदा वर्षांखालच्या मुलांच्या राज्य टेनिस स्पर्धेत तो पहिला आला. त्यानंतरच्या बावीस वर्षांत त्याने जे काही जिंकलं ते तोंडाने. लाल रेक्झिनच्या त्या फाईलमध्ये प्रमाणपत्रं होती, वर्तमानपत्रांची पिवळी कात्रणं होती, आणि तळाशी जन्मदाखला होता, कारण अशा स्पर्धेत वयाचा पुरावा द्यावा लागतो. अकादमीच्या ऑफिसात काचेचं कपाट. एका खणात कप, दुसऱ्यात फाईल. नवीन पालक आले की आधी त्यांना कपाटापुढे उभं करायचं. देवळात उभं करतात तसं.

द्रौपदीबाई तिथे मुलींच्या खोलीवर देखरेखीला होत्या. मुली शिकतात तिथे एक बाई माणूस हवं, असं कुठल्याशा कागदात लिहिलेलं होतं, म्हणून त्यांना ठेवलेलं. वय सत्तर. त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी अंबरनाथच्या एका कारखान्याच्या फाटकावर सुटणाऱ्या बायकांची झडती घेतली होती. अक्षरओळख बावन्नाव्या वर्षी झाली. माणसं मात्र त्या तरुणपणापासून वाचत होत्या, आणि वाचून वाचून त्यांना माणसांचा फारसा आदर उरला नव्हता.

सकाळी साडेसहाला त्या पोचल्या तेव्हा आकाश ऑफिसच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. रविवारी बारा तारखेला त्याला पस्तीस पुरी होणार होती. पोट त्याच्या आधी नेटपर्यंत पोचायचं.

"कपाटाचं कुलूप जसंच्या तसं! फाईल गायब! आणि हे बघा, हे!"

त्याने कोर्टाकडे बोट केलं. मध्ये लाल मातीचं कोर्ट. अलीकडे ऑफिस, पलीकडे आकाशचा बंगला, आणि बंगल्याच्या कुंपणाला टेकून सुकऱ्याची पत्र्याची खोली. सुकऱ्या हा बारवीकडच्या पाड्यावरचा माणूस, कोर्टाची निगा राखायचा. पहाटे पाचला तो ऑफिस उघडायचा, कारण पाण्याच्या मोटरचं बटण आत होतं. मातीवर पाणी मारायचा, रूळ फिरवायचा आणि साडेपाचला मागच्या टाकीकडे जायचा. मग सहापर्यंत कोर्ट ओलं आणि गुळगुळीत, शेणाने सारवलेल्या अंगणासारखं.

त्या सारवणावर आज अनवाणी पावलं उठली होती. पलीकडून सरळ मधून ऑफिसपर्यंत, आणि तशीच परत.

"इथे अनवाणी कोण फिरतं? हाच!" आकाशने सुकऱ्याचा दंड धरला. "ह्याच्या पोरीचं नाव मी सिलेक्शनमधून काढलं ना, त्याचा बदला घेतला साल्याने."

ते मात्र खरं होतं. सुकऱ्याची पोर रविना तेरा वर्षांची. भिंतीवर चेंडू मारून मारून शिकलेली, आणि तिचा मारा असा की मोठी पोरं रॅकेट बदलून बघायची. पण तिच्या जन्माची नोंद सहा वर्षं उशिरा झालेली. "पाड्यावरचे कागद खोटेच असतात," म्हणून आकाशने महिन्यापूर्वी तिचं नाव खोडलं होतं.

"मावशे, मी नाय नेली गो," सुकऱ्या द्रौपदीबाईंना म्हणाला. "आईशप्पत नाय नेली. मला वाचता बी नाय येत, फाईल नेऊन काय करू?"

एवढ्यात बिल्डर श्यामकांत गाडीतून उतरला. सोनिवलीत त्याची 'चॅम्पियन हाइट्स' उभी राहत होती. रविवारी, आकाशच्या वाढदिवशी, तिथल्या क्लबहाऊसचं उद्घाटन. भिंतीवर आकाशची सगळी कारकीर्द फ्रेम करून लावायची, जन्मदाखल्यापासून कपापर्यंत, आणि खाली काचेत ही अस्सल कागदांची फाईल ठेवायची. आपल्या जन्माचा दाखला लोकांना तिकीट लावल्यासारखा दाखवायचा, ही कल्पना आकाशचीच.

"पोलीस बोलावू," आकाश म्हणाला.

"रविवारच्या आधी पोलीस? पागल झाला काय?" श्यामकांत म्हणाला. "बुकिंगवाले येणारेत."

"मग उद्या संध्याकाळी पाचपर्यंत थांबा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "तोवर मी बघते."

आकाश हसला. "मावशी, तुम्ही टॉवेल मोजा."

"एकतीस वर्षं झडती घेतली मी, सर. टॉवेलपेक्षा जास्त मोजलंय."

"उद्या पाच," श्यामकांत म्हणाला. "फाईल आली तर ठीक. नाही तर हा आत, आणि ह्याची पोर खोलीच्या बाहेर."

सगळे आत गेल्यावर द्रौपदीबाई लाकडी दांड्याला धरून कोर्टाच्या कडेला वाकल्या. बराच वेळ त्यांनी एकच पाऊल बघितलं. मग सुकऱ्याचं घमेलं उचलून त्यावर पालथं घातलं आणि वर वीट ठेवली.

ते पाऊल सुकऱ्याचं नव्हतं. पुरुषाचंही नव्हतं.

२

घमेल्याखाली काय आहे ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. झडतीवाली बाई हाताला काय लागलं ते लगेच सांगत नसते.

आधी त्यांनी तुषारला गाठलं. तुषार तिथला दुय्यम कोच, पस्तिशीचाच. दोन हजार तीनच्या त्या अंतिम सामन्यात आकाशने ज्याला हरवलं, तो हाच. ज्याने हरवलं त्याच्याच हाताखाली हा बारा वर्षं चेंडू गोळा करत होता. द्रौपदीबाईंना त्याची कीव येत नव्हती. असल्या माणसाचा त्यांना रागच यायचा.

"तू घेतलीस?"

"मी? मावशी, त्या फाईलमध्ये माझा पराभव छापलेला आहे. सहा-एक, सहा-शून्य. तो चोरून मी घरी काय लावू, तोरण?"

"जाळायला घेतली असशील."

"मग कप आधी घेतला असता." त्याने हातातला चेंडू दाबून बघितला. "मी काय फार वाईट खेळलो नव्हतो. पण त्याची सर्व्हिस अशी यायची, जसा कोणी मोठा माणूस मारतोय. त्या दिवशी ठरवलं, आपलं काम नाही हे. तेरा वर्षांचं पोर इतकं जोरात मारतं तर आपण कशाला नाव लावायचं?"

"कोर्टावरून ऑफिसात जायचं तर तू कसा जाशील?"

"कडेने. ओल्या मातीवर पाय ठेवला तर सुकऱ्या बोंबलतो. टेनिसवाला मरेल, पण मधून जाणार नाही."

द्रौपदीबाईंनी मान डोलावली. मग सुकऱ्या तरी कसा जाईल? रांगोळी काढणारी बाई आपल्याच रांगोळीवर पाय देत नाही.

आकाशची बायको माया ऑफिसात प्रवेशाचे फॉर्म लावत बसली होती. सगळी अकादमी तीच चालवायची. आकाश फक्त हात उंचावून फोटो काढून घ्यायचा.

"चोर सापडला तर मला भेटवा, मावशी," ती म्हणाली. "मी हार घालते. माझं लग्न ह्यांच्याशी नाही, त्या फाईलशी लागलंय. हनिमूनलासुद्धा बॅगेत होती."

"कपाटाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक ह्यांच्या कडीत, ती रात्रंदिवस खिशात. दुसरी बंगल्यात, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे खिळ्याला."

"ते कोणाकोणाला ठाऊक?"

"घरच्यांनाच." बोलल्यावर तिचे हात थांबले. "म्हणजे मी, हे, सासरे आणि सासूबाई."

द्रौपदीबाईंनी टेबलाखाली बघितलं. मायाच्या पायात बूट होते.

"बूट काढ गं जरा."

"काय?"

"काढ. मी आजवर चार हजार बायकांचे काढायला लावलेत, तू काय वेगळी नाहीस."

मायाने कुरकुरत बूट-मोजे काढले. बोटं मोकळी होती. द्रौपदीबाई उठल्या आणि घमेल्यापाशी गेल्या. ओल्या मातीतल्या त्या पावलात, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, चिमटीएवढी गोल कडा उमटली होती.

जोडव्याची.

सुकऱ्याची बायको पुतळी वांगणीच्या एका फार्महाऊसवर कामाला होती, ती आठवडाभर इकडे फिरकलीच नव्हती. रविना पोरसवदा. मग ह्या आवारात जोडवी घालणारी बाई उरली एकच.

३

दुपारी द्रौपदीबाई बंगल्यावर गेल्या. अंजनी, आकाशची आई, साठी ओलांडलेली, चहा घेऊन आली. पायात स्लीपर, त्यावर लुगड्याचा घोळ. चहा ठेवून ती भिंतीला टेकून बसली आणि पाय पोटाशी घेऊन लुगड्याखाली लपवले.

आकाशचा बाप भगवान आरामखुर्चीत होता. त्याला विचारावं लागत नाही. चावी दिलेल्या खेळण्यासारखा तो आपणच सुरू होतो.

"मी घडवला त्याला! उल्हासनगरच्या क्लबात चेंडू उचलायला जायचा. शेठ लोकांची पोरं दमली की हा खेळायचा. मी ओळखलं, हिरा आहे. अंबरनाथची खोली सोडली, बदलापूरला आलो, नवीन शाळा, नवीन कोच. दोन वर्षांत राज्याचा चॅम्पियन! हा बघा फोटो."

द्रौपदीबाईंनी फोटो डोळ्याजवळ नेला. कप धरलेला आकाश, आणि शेजारी हरलेला तुषार. तुषारचं डोकं आकाशच्या काखेपर्यंत. आकाशच्या ओठावर सावली पडली होती. सूर्य तर समोरून होता.

"आणि पुढे?"

"पुढे सोळा वर्षांखालचे सामने. पहिल्याच फेरीत खांदा दुखावला."

"अठराच्या खालच्याला?"

"तेव्हाही खांदा."

खांदा मोठा सोयीचा होता. दुसरी पोरं वाढून ह्याच्याएवढी झाली की लगेच दुखायचा.

"एकुलता एक?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"एकुलता एक," भगवान म्हणाला. अंजनीने कप उचलले. त्यात चहा तसाच होता.

बाहेरच्या खोलीत आकाश श्यामकांतला रविवारचं भाषण ऐकवत होता. आवाज इतका मोठा की जणू मैदान भरलंय.

"लहानपणापासून मी एकाग्र, बॉस! हा किस्सा टाकणारच. एक दिवस गणपती दूध पितात म्हणून सगळी दुनिया पळाली. शाळा रिकामी. आमच्या तिसरीच्या वर्गात मी एकटा बसून भिंतीवर चेंडू मारत होतो. बाई म्हणाल्या, हा पोरगा नाव काढणार!"

"वा! टाळी पडणार!" श्यामकांत म्हणाला.

"अहो, जरा ऐकता का," अंजनीने आतून हाक मारली. "त्याला जेवायला बोलवा."

द्रौपदीबाईंच्या हे आता ध्यानात आलं. घरात तासभर आकाश, आकाश चाललं होतं. बाप म्हणत होता, बिल्डर म्हणत होता. आईच्या तोंडून ते नाव एकदाही निघालं नव्हतं. 'तो', 'त्याला', 'पोरगा'. आणि नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या. पोटच्या पोराचं न घेणारी ही पहिली.

उठताना अंजनीने त्यांचा पदर धरला.

"ताई, सुकऱ्याला खरंच नेतील?"

"उद्या पाचला."

अंजनीने त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं. फाटकावर नाही म्हणणाऱ्या बायका इकडेतिकडे बघायच्या. सरळ बघायची ती, जिच्या ओटीत माल असायचा.

४

पण कोणी आपल्याच पोराची फाईल का चोरावी? एवढ्यावर बोट ठेवलं असतं तर सुकऱ्या सुटला असता, पण द्रौपदीबाईंना अर्धी झडती कधी जमली नाही.

शनिवारी सकाळी त्या उल्हासनगरला गेल्या, कॅम्प तीनमधल्या फ्रेमवाल्याकडे. त्या लच्छूभाईने आकाशच्या कागदांच्या मोठ्या रंगीत प्रती काढल्या होत्या.

"आओ माई. शेजवळ सर का माल? सब रेडी है, साईं."

जन्मदाखल्याची प्रत दारापेक्षा थोडीच लहान होती. लच्छूभाईने भिंतीला टेकवून दाखवली. द्रौपदीबाईंनी चष्मा लावला. ज्याला लहानपणापासून वाचता येतं तो कागद चाळतो. त्यांना प्रत्येक अक्षराला थांबावं लागायचं. बालकाचे नाव आकाश. आईचे नाव अंजनी. ठिकाण अंबरनाथ. जन्म दिनांक बारा, एक, एकोणीसशे नव्वद. खाली नोंदणीची तारीख, आठच दिवसांनंतरची. रविनासारखा उशीर नाही. कागद अस्सल होता.

"ओरिजिनल कुठेय?"

"वो तो गुरुवार शाम को वापस घर भेजा, इसकी एक छोटी कॉपी के साथ. माताजीने हाथ में लिया. फिर फोन किया मेरेको."

"कशाला?"

"अरे माई, ओरिजिनल के कोने में काला दाग था. उंगली का, काजल जैसा. सर बोले गंदा दिखता है, साफ कर दो. मैंने कंप्यूटर में उडा दिया. माताजी फोन पे पूछती है, दाग किधर गया? मैं बोला साफ किया, अच्छा दिखता है. तो रोने लगी. मेरेको समझा नहीं, आदमी दाग के लिए रोता है क्या?"

द्रौपदीबाई दुकानाच्या बाकावर बसल्या. एका हातात जन्माचा नवा कागद आणि दुसऱ्या हाताने बाळाला तीट लावत असताना आईचं बोट कागदाला लागतं. त्यांच्या स्वतःच्या चार पोरांच्या कागदांवर काय काय लागलं होतं ते त्यांना आठवलं.

मग त्यांना दूध आठवलं.

गणपती दूध पितात अशी हूल उठली तो दिवस द्रौपदीबाई विसरणं शक्य नव्हतं. त्याच दिवशी त्यांच्या सासूबाई वारल्या. मयताला आलेल्यांना चहा द्यायचा, तर सगळ्या अंबरनाथमध्ये पावशेर दूध मिळेना. नणंद अजून टोमणा मारते, आईच्या मयताला काळा चहा पाजला म्हणून. द्रौपदीबाईंना सनावळ्या येत नसत. त्यांचं कॅलेंडर म्हणजे बाळंतपणं, लग्नं आणि मयतं. पण सासूबाईंचा मृत्युदाखला त्यांनी वाचायला शिकल्यावर घोकून पाठ केला होता. एकवीस सप्टेंबर एकोणीसशे पंच्याण्णव.

त्यांनी बोटांवर मोजलं. नव्वदच्या जानेवारीत जन्मलेलं पोर त्या दिवशी साडेपाच वर्षांचं. पहिलीत नुकतं बसवलेलं, अजून चड्डीची नाडी दुसऱ्याकडून बांधून घेणारं.

तिसरीत बसलेला तो कोण होता?

५

दुपारी भगवान घोरत होता. आकाश न्हाव्याकडे गेलेला. उद्याच्या फोटोसाठी केस काळे करायचे होते. द्रौपदीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या.

"अंजनीबाई, पाय दाखवा."

अंजनीने विरोध केला नाही. पाय पुढे केला. दुसऱ्या बोटात चांदीचं जाड जोडवं, आणि त्याच्या खाचेत लाल माती.

"कडेने का नाही गेलात? कोणाला कळलं नसतं."

"कडेने कशाला?" अंजनी भोळेपणाने म्हणाली. "तो नेहमी ओरडतो ना, कोर्टावर चप्पल घालून जायचं नाही. म्हणून मी चप्पल काढून गेले."

द्रौपदीबाईंना हसू आलं आणि लगेच विरलं. बावीस वर्षं चॅम्पियनच्या घरात राहून बाईला टेनिसचं एवढंच सांगितलं गेलं होतं.

"किती पोरं तुम्हाला?"

अंजनीने पाय आत घेतला. मग तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने लाल फाईल वर काढली. दाखला तिच्यात नव्हता. तो तिने चोळीतून काढला.

"दोन. थोरला संतोष, सत्त्याऐंशीचा. हा, तो घोरतोय त्याचा चॅम्पियन. आणि धाकटा आकाश. सात महिने जगला. जुलाब लागले, दोन दिवसांत गेला. ह्यांनी मयताची नोंदसुद्धा केली नाही. म्हणाले, एवढ्याशा पोराची कोण करतं."

"मग?"

"मग दोन हजार एक साली संतोष चौदाचा झाला. ह्यांच्या डोक्यात चॅम्पियन शिरलेला. ट्रंक उघडली आणि माझ्या आकाशचा कागद काढला. नवीन गाव, नवीन शाळा, दोन यत्ता खाली. मला म्हणाले, आजपासून ह्याला आकाश म्हणायचं." तिने पदराने तोंड पुसलं. "सगळ्या जगाने म्हटलं, ताई. मी नाही म्हटलं. कसं म्हणू? मेलेल्या लेकराला हाक मारायची आणि जेवायला ह्याने यायचं?"

"आणि तो? त्याला काही वाटलं नाही?"

"त्याला कप मिळाला ना."

कोपऱ्यातल्या काळ्या ठशावर तिने बोट ठेवलं. ठसा आता तिच्या बोटापेक्षा लहान दिसत होता.

"बाळाचं दुसरं काही नाही माझ्याकडे. फोटो नाही, टोपडं नाही. एवढं एक बोट होतं. ह्याने ते पुसून कागद बिल्डरच्या भिंतीवर लावायला काढला. गुरुवारी रात्री माझ्या हातून दाखला घेऊन फाईलमध्ये घातला आणि कपाटात ठेवला. मला वाटलं, फाईल हरवली की भिंतीचं राहून जाईल. सुकऱ्याचं नाव येईल हे मनातसुद्धा नव्हतं."

"मी तुमचं नाव घेणार नाही," द्रौपदीबाई उठत म्हणाल्या. "सुकऱ्याने नेली नाही, एवढं मी दाखवून देईन. पण नाव सांगितल्याशिवाय ते त्याला सोडणार नाहीत. पाच वाजता सगळे ऑफिससमोर आहेत. बाकी तुमच्या मनाला विचारा."

६

पाच वाजता ऑफिसच्या ओसरीत खुर्च्या मांडल्या होत्या. आकाश ताज्या काळ्या केसांनी चकाकत होता. भगवान, श्यामकांत, माया, तुषार बसलेले. सुकऱ्या खाली उभा, आणि त्याच्या शर्टाला धरून रविना. समोर कोर्टावर नुकतंच पाणी मारून रूळ फिरवलेला. जेल दिसत असतानाही त्याने मातीचं काम चुकवलं नव्हतं.

"हं मावशी," आकाश म्हणाला. "सांगा तुमची जासुसी."

द्रौपदीबाईंनी घमेलं उचललं. "सुकऱ्या, ह्याच्या शेजारी पाय ठेव."

सुकऱ्या कचरला. ओल्या मातीवर पाय ठेवायला त्याचं मन होईना. शेवटी ठेवला. त्याचं पाऊल फताडं, बोटं पंख्यासारखी फाकलेली. शेजारचं निमुळतं, एक तृतीयांशाने लहान.

"हे बाईचं पाऊल आहे. बोटात जोडवं आहे. कपाट किल्लीने उघडलं, आणि दुसरी किल्ली कुठे असते ते फक्त घरात ठाऊक. सुकऱ्याचा काय संबंध?"

श्यामकांतने मायाकडे बघितलं. मायाने पाय लांब करून बूट दाखवले.

"मग कोणाचं पाऊल?" आकाश खेकसला. "नाव बोला ना! नाव नसेल तर हाच जाईल आत. ह्याने बायकोला आणलं असेल पाड्यावरून. ह्या लोकांचं काय, कागद खोटे, वय खोटं, सगळंच खोटं!"

 द्रौपदीबाई बंगल्याकडे बघत होत्या. श्यामकांतने खिशातून मोबाइल काढला.

तेव्हा पलीकडचं फाटक वाजलं.

अंजनीने कोर्टाच्या कडेला स्लीपर काढले. ओल्या मातीवरून, सरळ मधून, ती चालत आली. सुकऱ्यासुद्धा ओरडला नाही. तिने लाल फाईल टेबलावर ठेवली.

"मी नेली होती."

"आई!" आकाश उठला. "ही आजारी आहे, श्यामकांतशेठ. बीपीच्या गोळ्या विसरते. बाबा, हिला आत न्या. रविना, ए पोरी, पाणी आण." आणि पाठ करून तो फाईल तपासायला लागला. "दाखला कुठाय ह्यातला? दाखला?"

"संतोष," अंजनी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण त्याने झटकन मान वळवली. तेवीस वर्षं ज्या नावाने त्याला कोणी बोलावलं नव्हतं, त्या नावाला मान आपोआप वळली, आणि वळल्यावर ती परत कुठे न्यावी हे त्याला कळेना.

तुषार हळूहळू उभा राहिला.

"गणपती दूध प्यायले तेव्हा तुम्ही तिसरीत होतात," द्रौपदीबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्या दाखल्यातलं पोर साडेपाच वर्षांचं झालं असतं. झालं असतं, म्हणजे असतं तर. हिच्या धाकट्याचा कागद आहे तो."

"फायनलला तू किती वर्षांचा होतास?" तुषारने विचारलं.

आकाश पुन्हा फाईल चाळायला लागला.

"किती?"

"सोळा," अंजनी म्हणाली.

"मी पोराच्या भल्यासाठी केलं," भगवान खुर्चीतून पुटपुटला. "सगळेच करतात."

तुषार हसला, ते हसणं ऐकवत नव्हतं. गळ्यातली शिट्टी काढून त्याने, उद्यासाठी टेबलावर काढून ठेवलेल्या आकाशच्या कपात टाकली. "बारा वर्षं तुझे चेंडू उचलले रे मी. मला वाटायचं, मीच कमी पडलो."

"एक मिनिट, एक मिनिट," श्यामकांत म्हणाला. "हे बाहेर जाणार नाही ना? माझे चाळीस फ्लेक्स छापून झालेत."

द्रौपदीबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी रविनाला पुढे घेतलं.

"सर, हिचा कागद उशिरा काढला म्हणून तुम्ही खोटी ठरवलीत. तुमचा आठ दिवसांत काढलेला. तिच्या कागदातलं पोर खरं आहे, हे बघा, उभं आहे."

 सुकऱ्या खाली बसला आणि अंजनीच्या पावलांनी खचलेली माती हाताने सारखी करायला लागला.

रविवारी उद्घाटन झालं. श्यामकांतने रातोरात फ्लेक्स बदलून स्वतःचा चेहरा लावला. तोही कुठला चॅम्पियन नव्हता, पण त्याच्याकडे निदान कप नव्हता. सोमवारी तुषार रविनाचे कागद घेऊन संघटनेच्या ऑफिसात गेला, आणि दुसऱ्यांदा गेल्यावर तिचं नाव यादीत चढलं. मायाने काचेचं कपाट रिकामं करून त्यात चेंडूंचे डबे ठेवले. सुकऱ्या तिथेच राहिला. आकाशचा खांदा, लोक म्हणतात, पुन्हा दुखायला लागला आहे.

अंजनी एकदा द्रौपदीबाईंच्या खोलीवर आली. दाखला उलटा करून तिने त्यांच्यापुढे ठेवला. मागची बाजू कोरी होती.

"ताई, तुम्हाला लिहिता येतं. ह्याचं कुठेच लिहिलेलं नाही. लिहा."

द्रौपदीबाईंनी नातीच्या लग्नात आहेराची नावं लिहायला घेतलेलं पेन शोधलं. काजळाच्या बोटाला धक्का लागू नये म्हणून कागद दोन्ही कडांनी धरायला सांगितला. मग अंजनी सांगेल तसं, सावकाश, एकेक अक्षर मोठं काढून, त्यांनी लिहिलं:

आकाश भगवान शेजवळ, वय सात महिने आठ दिवस, सोमवार दिनांक २० ऑगस्ट १९९० रोजी अंबरनाथ येथे वारला.